विलासला फोन लागेपर्यंत

सोयाबीन निघायला लागलं की आमच्या नांदेडच्या हवेत एक बारीक धूळ येते. शहराच्या कडेला राहणाऱ्यांना ती आधी कळते. गॅलरीत वाळत घातलेले कपडे कितीही झटकले तरी अंगाला खाजतात, घसा खवखवतो, आणि लांब कुठेतरी मळणी यंत्र दुपारभर घरघरत राहतं. आज सकाळी तो आवाज आला आणि मी चहाचा कप तसाच ठेवून खिडकी लावून घेतली. उकडत होतं, तरी लावली. मला हा महिना नकोसा झालाय. दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंतची पानं कॅलेंडरातून कुणी फाडून नेली तर मी विचारायलासुद्धा जाणार नाही.

आता घरात वायफाय आहे. फोन हातात घेतला की वरच्या कोपऱ्यात चारही दांड्या भरलेल्या दिसतात. कुणाला फोन करायचा असतो म्हणून नाही, मी नुसतीच बघते. मागच्या वर्षी ह्याच दिवसांत ह्या चार दांड्यांसाठी मी अख्खा नांदेड जिल्हा आणि अर्धा लातूर जिल्हा पालथा घातला होता. तोही एका पिवळ्या स्कूलव्हॅनमध्ये राहून.

अप्पा, म्हणजे माझे वडील, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. आयुष्यभर खांबावर. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असत; मी शाळेत विज्ञान शिकवते, लग्न केलं नाही, घर दोघांचंच. धाकटा भाऊ विलास कॅनडात. पावसाळ्यात अप्पांचा आवाज बसला तो उठेचना. आधी काढे झाले, मग गोळ्या झाल्या, मग लातूरच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. भाऊबीज झाली की लगेचच्या सोमवारी. जीव वाचेल, आवाज जाईल. मी अप्पांना कसं सांगावं ह्याची जुळवाजुळव करत आत गेले, तर ते म्हणाले, ‘ऐकलं मी. दाराला फट हाय.’

घरी येताना एसटीत ते दोनच गोष्टी बोलले. एक, विलासशी नीट बोलून घ्यायचं. दुसरी, जिथं जिथं नोकरी केली ती गावं एकदा बघायची. हिमायतनगर, उदगीर आणि मुरुड. ‘लाइनवरून एकदा फिरून येऊ,’ म्हणाले. लाइनमन लोक असंच म्हणतात, कामावर जायला ते लाइनवरून फिरणं म्हणतात.

विलासला येता येत नव्हतं. कागदपत्रांचं काहीतरी अडलं होतं, बाहेर पडला असता तर परत आत जायला वर्ष लागलं असतं. तो फोनवर रडला. मी त्याला म्हटलं, रडू नकोस, रोज संध्याकाळी साडेसहाला मी तुझी आणि अप्पांची गाठ घालून देते, तोंड बघून बोला. तुझी सकाळ असेल तेव्हा. हे मी फार तोऱ्यात म्हटलं होतं. मोठ्या बहिणी म्हणतात तसं.

अप्पांना फार वेळ बसवत नव्हतं. दर दोन तासांनी पातळ खायला लागायचं, सारखं थुंकायला लागायचं, लॉजवर राहणं शक्य नव्हतं. आमच्या शाळेच्या मुलांना ने-आण करणारे रहीमभाई म्हणाले, ‘दिवाळीची सुट्टी हाय, गाडी रिकामीच उभी राहती. सीटा काढून टाकतो ना.’ त्यांनी मागच्या सीटा काढल्या, एक लोखंडी पलंग नटबोल्टनी गाडीच्या तळाला आवळला, कोपऱ्यात पाण्याचा ड्रम, छोटी शेगडी, एक कमोडची खुर्ची. पडदे माझ्या जुन्या साड्यांचे. बाहेरून मात्र ती पिवळी स्कूलव्हॅनच राहिली. गावात शिरलो की पोरं धावत यायची, सहल आली म्हणून, आणि आत पलंगावर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा बघून मागे सरायची.

आणि रेंजचं सामान. दोन कंपन्यांची दोन सिमकार्डं, एक डबीएवढं राउटर, आणि बांबूला बांधलेला अँटिना, जो रहीमभाईंनी टपावरच्या कॅरिअरला तारेनं आवळला होता. त्याची वायर खिडकीतून आत. मोबाइलचा दुकानदार मला म्हणाला होता, ‘मॅडम, जंगलात बी चालतंय हे.’ त्याला कुठल्या जंगलाचा अनुभव होता कोण जाणे. मी त्याला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या त्याचा हिशेब नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाजावर ताण देऊ नका, जेवढा आहे तेवढा जपून वापरा. म्हणून मी नियम केला. दिवसभर बोलायचं नाही. काही हवं असेल तर हातानं सांगायचं. सगळा आवाज संध्याकाळी साडेसहासाठी, विलाससाठी. अप्पांनी मान हलवली. खात्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस, नियम म्हटल्यावर नियम. गाडी नांदेडच्या बाहेर पडली तेव्हापासून ते गप्प झाले, आणि मला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटलं. आपण काहीतरी नीट करतोय असं वाटलं.

हिमायतनगरच्या बाजूला तेलंगण जवळ. फोनला त्याचं काय करावं ते कळत नव्हतं. मध्येच तेलुगूत स्वागताचा मेसेज यायचा, मध्येच एक बाई तेलुगूत काहीतरी समजावायची, बहुधा हेच, की लागत नाही. आम्ही एका शेताच्या कडेला गाडी लावली. सोयाबीनची गंजी लागलेली, मळणी चालू, भुसा उडून सगळ्यांचे केस पिवळे झालेले. मी फोन डोक्यावर धरून बांधाबांधानं फिरत होते. यंत्राजवळची बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी तिनं तोंडावरचा पदर काढला आणि म्हणाली, ‘रेंज पाहिजे का बाई? तिकडं चिंचेखाली दगड हाय बघा पांढरा, त्याच्यावर उभ्या राहा. माझं पोरगं पुण्याला हाय, त्याचा फोन आला की मी तिथंच पळते.’

‘गाडी जाईल का तिथं?’

‘गाडी कशी जाईल? माणूस जातंय.’

मग रहीमभाई आणि मी अप्पांना धरून त्या दगडापर्यंत नेलं. साडेसहाला विलास लागला. पडद्यावर त्याचा चेहरा आला, अर्धा आला, तोंड उघडं तसाच अडकला. पुढची अकरा मिनिटं जे बोलणं झालं ते मी शब्दशः सांगू शकते. हॅलो. हां, हॅलो. ऐकू येतंय का. अप्पा, ऐकू येतंय का. मला येतंय, तुला येतंय का. तुमचं तुटून येतंय. हॅलो. दिसतोय का मी. दिसत नाहीस, ऐकू येतंय. हॅलो. अकरा मिनिटं. त्या दिवसाचा सगळा आवाज ह्यात गेला. परत येताना अप्पा खोकत होते आणि मी त्या राउटरला बोल लावत होते.

रहीमभाई म्हणाले, ‘ताई, डब्बीवर कशाला राग काढून राहिल्या? ती काय करती बिचारी.’

डबी बिचारी होती, हे मला तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. कुणावर तरी राग काढायला माणसाला काहीतरी लागतंच.

उदगीरकडे जाताना अप्पा उशी उंच करून खिडकीतून बघत पडले होते. त्यांचे खांब बहुतेक गेलेच आहेत. कुठे एखादा वाकलेला, वेल चढलेला, वर तार अडकवायच्या दोन चिनी मातीच्या पांढऱ्या चिमण्या. तारा तर केव्हाच चोरांनी नेल्या. असा एक खांब दिसला की अप्पा बोट वर करायचे. मी ‘हो हो, बघितला’ म्हणायचे आणि पुन्हा फोनकडे बघायचे, कुठे किती दांड्या येतात ते वहीत लिहून ठेवायचे, परतीच्या वाटेवर उपयोग होईल म्हणून. अहमदपूरच्या पुढे एका खांबाजवळ ते उठून बसले, ‘ह्याच्यावर एकदा...’ एवढं म्हणाले, आणि मी ओठांवर बोट ठेवलं. ‘संध्याकाळी, अप्पा. विलासला सांगा.’ ते पुन्हा आडवे झाले. संध्याकाळी मी त्यांना त्या खांबाची आठवण करून दिली नाही, कारण माझ्याच लक्षात राहिलं नाही.

ते माझं ऐकायचे, ह्याचा आता मला त्रास होतो. थोडा हट्ट करायला हवा होता त्यांनी. म्हातारी माणसं किती हट्ट करतात, शेजारचे आजोबा रेडिओच्या आवाजावरून घर डोक्यावर घेतात. अप्पांनी मात्र आवाजाची बचत माझ्या हाती सोपवली आणि स्वतः नामानिराळे झाले.

उदगीरला लक्ष्मीपूजन आलं. गावात फटाके, धूर, अप्पांना सोसवेना. मी एका टॉवरच्या अगदी पायथ्याशी गाडी लावायला सांगितली, म्हटलं आज बघू कशी येत नाही रेंज. अप्पांनी हातानं नको नको केलं. मी ऐकेना तेव्हा त्यांनी नियम मोडला. ‘टॉवरच्या बुडाशी रेंज नसते माय. डोक्यावरून जाती. तिकडं माळावर घे, लांब.’ रहीमभाईंनी गाडी माळावर घेतली. दगड, कुसळं, वारा, खाली उदगीरचे दिवे. आणि फोनवर चारही दांड्या. गाडीच्या पायरीवर मी एक पणती लावली, ती वाऱ्यानं विझली, पुन्हा लावली नाही. साडेसहा वाजत होते.

विलास असा दिसला की जणू गाडीतच बसलाय. त्याच्या मागचा फ्रिज, फ्रिजवरचं त्याच्या लेकीनं काढलेलं चित्र, सगळं स्वच्छ. मी फोन अप्पांच्या हातात दिला आणि बाजूला झाले. अप्पांनी तो कानाला लावला, तोंडासमोर नाही, कानाला.

‘हॅलो. हॅलो. आवाज येतोय का?’

‘येतोय अप्पा. एकदम छान येतोय.’

‘क्लिअर हाय?’

‘क्लिअर आहे. बोला अप्पा.’

‘खरखर न्हाई ना?’

‘नाही, बोला ना.’

‘ठीक हाय,’ अप्पा म्हणाले, आणि फोन माझ्यापुढे धरला. ‘घे. लाइन क्लिअर हाय. बोला तुम्ही.’

विलास तिकडून ‘अप्पा, अप्पा’ करत होता. अप्पा पलंगावर मागे टेकले, काम झाल्यासारखे समाधानी. मी फोन परत त्यांच्याकडे ढकलला, त्यांनी परत माझ्याकडे. मग माझं डोकं फिरलं. दिवाळीच्या दिवशी, माळावर, आजारी बापावर मी ओरडले. ‘एवढं सगळं केलं ते काय हॅलो-हॅलो करायला? इतके दिवस गप्प बसलात ते ह्याच्यासाठी?’

ते जरा ओशाळले. म्हणाले, ‘सवय हाय ना ती. खांबावर चढायचं, जोड द्यायचा, टेस्टिंगचा फोन लावून हॅलो म्हणून बघायचं. लागली की खाली उतरायचं. लाइन ज्याची हाय तो बोलतो. आपण बोलत बसायचं न्हाई. एकदा एक जण बोलत बसला होता बायकोशी, साहेबानं त्याला भर पावसात पुन्हा वर चढवलं.’ आणि ते हसले, घशातून नुसता वारा आला.

दहा दिवसांत ते इतकं बोलले नव्हते. आणि ते सगळं माझ्याशी बोलले होते. पण मला त्या क्षणी एवढंच दिसलं की आजचा आवाज संपला, आणि विलासला काहीच मिळालं नाही. मी म्हटलं, ‘आता बास. घसा दुखेल.’ मग मी आणि विलास त्या स्वच्छ लाइनवर तिकडच्या थंडीबद्दल बोललो. तो म्हणाला, ‘अक्का, उद्या त्यांना फोन तोंडासमोर धरायला सांग, म्हणजे बोलतील.’ मी बरं म्हटलं.

तो उद्या झालाच नाही. मुरुडला पोचलो आणि परतीचा पाऊस आला. असा आला की शेतकऱ्यांची धावपळ बघवेना, गंज्यांवर ताडपत्र्या ओढत बायामाणसं चिखलात पडत होती. वीज गेली. विजेबरोबर टॉवर गेले. दोन्ही कंपन्या, सगळ्या दांड्या. राउटरचा लाल दिवा तेवढा चालू. दोन दिवस आम्ही एका बंद कापूस गोदामाच्या छपराखाली गाडी लावून बसलो. रहीमभाई पुढच्या सीटवर झोपलेले, अप्पा पलंगावर, मी दाराशी फोन हातात घेऊन. टपावर पाऊस वाजत होता. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती, ओवाळायला भाऊ नव्हता आणि फोनही.

आता वाटतं, किती सोपं होतं. ते दोन दिवस गाडीत आम्ही समोरासमोर होतो. मध्ये एक शेगडी. बोलायला कसली वायर लागणार नव्हती, अँटिना लागणार नव्हता. मी म्हणू शकले असते, अप्पा, विलास नाही तर नाही, मला सांगा. तो खांबाचा किस्सा सांगा. आईला पहिल्यांदा कुठे बघितलं ते सांगा, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. किंवा काहीच नको, मला नुसती हाक मारा. हे मला सुचलंच नाही. मी माणूस म्हणून मोजणीतच नव्हते, मी तर फोन लावून देणारी होते. दोन दिवस अप्पा गप्प बसले आणि मी त्यांना दोनदा म्हणाले, शाब्बास, असाच जपून ठेवा.

त्यांना काय वाटत होतं कुणास ठाऊक. ते पावसाकडे बघत असायचे. एकदा त्यांनी हात पुढे केला, मी पाण्याचा पेला दिला, ते पाणी प्यायले. त्यांना पाणीच हवं होतं का, हेसुद्धा आता मला खात्रीनं सांगता येत नाही.

सोमवारी सकाळी आठला लातूरच्या दवाखान्यात त्यांना हिरवा झगा घातला. खोली तळमजल्यावर, भिंती जाड, रेंज अजिबात नाही. खिडकीच्या गजापाशी हात बाहेर काढला तर एक दांडी येत होती, जात होती. विलासकडे रात्र होती, तो जागा राहिला होता. अप्पा पलंगावर बसले होते, पाय खाली सोडून. नर्स म्हणाली, पाच मिनिटं आहेत, बोलून घ्या. मी खिडकीकडे पळाले. पाठीमागे अप्पा काहीतरी बोलायला लागले. फोनमधून विलासचं ‘हॅलो हॅलो’ तुटत तुटत येत होतं. मी गजातून हात जेवढा जाईल तेवढा बाहेर काढला, दंडाला खरचटलं. मग एक दांडी आली, दुसरी आली, विलासचा चेहरा लागला, अगदी स्पष्ट. मी ‘लागला, लागला’ म्हणत वळले. अप्पा तोंड मिटून बसले होते. दारात स्ट्रेचर उभं होतं, वॉर्डबॉय म्हणाला, चला बाबा. अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, फोनकडे बघून हात हलवला, आणि गेले. विलास विचारत होता, ‘अक्का, अप्पा कुठंयत?’ मी फोन फिरवून त्याला रिकामा पलंग दाखवला.

ऑपरेशन चांगलं झालं. सगळे तसंच म्हणाले. अप्पा पुढे सहा महिने होते. गळ्याला भोक, त्यावर जाळीचं फडकं, आणि हातात दोनशे पानी वही. नांदेडला आल्या आल्या मी फायबरचं इंटरनेट घेतलं. रोज साडेसहाला विलास टीव्हीएवढा मोठा दिसायचा, एकदाही अडकला नाही. अप्पा त्याला वहीवर लिहून दाखवायचे, तो तिकडून वाचायचा. फॅन कमी कर. कढी आंबट झाली. पोरीला आशीर्वाद. अक्षर ठसठशीत, तक्रार नोंदवहीत लिहितात तसं.

पौषात एकदा दुपारी मी विचारलं. ऊन पडलं होतं, ते गॅलरीत बसले होते, मी त्यांच्या शेजारी तूर सोलत होते. म्हटलं, ‘अप्पा, त्या दिवशी आत नेण्याआधी तुम्ही काय बोलत होतात? मला ऐकू आलं नाही.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. वही घेतली, लिहिलं, ‘जेवलीस का विचारलं.’

‘एवढंच?’

त्यांनी तेच वाक्य पुन्हा लिहिलं, खाली रेघ ओढली आणि पेनाला टोपण लावलं.

चैत्रात ते गेले. ती वही माझ्याजवळ आहे, ते पान मला न शोधता सापडतं. अप्पा खोटं बोलले. सकाळी आठ वाजता कुणी जेवलीस का विचारत नाही. आणि मी पाठ करून उभी असले तरी बहिरी नव्हते; शब्द कळत नव्हते, पण आवाज येत होता, चिरका, दमलेला, मुरुडपासून साठवलेला. मध्ये ते तीनदा श्वास घ्यायला थांबले. चौथ्यांदा पुन्हा सुरू झाले, तेव्हा मी मागे न बघता म्हणाले, ‘थांबा ना अप्पा जरा, रेंज येतेय.’ आणि ते थांबले.